बॉनेटवरचे तळवे

चिखलीच्या शेडमध्ये रोहिदास आणि त्याची बायको मंजुषा गाड्यांची फायबरची बॉनेटं बनवायचे. त्या दुपारी साच्यातून निघालेल्या बॉनेटवर एक तळहात उठून दिसत होता, आतून दाबल्यासारखा. साचा मात्र गुळगुळीत होता.

रोहिदासनं साचा घासला, मेण लावलं, पुन्हा रेझिन चढवलं. दुसऱ्या बॉनेटवर दोन तळवे आले.

"हे काम नको आपल्याला," मंजुषा म्हणाली.

"एकदाच बघतो अजून."

तिसरं बॉनेट साच्यातून सुटेना. रोहिदासनं कडेच्या फटीत बोटं घालून जोर लावला. मग तो हळूहळू साच्यावर वाकत गेला.

"अहो, सोडा ते."

"मी केव्हाच सोडलंय," तो म्हणाला. "आतून सोडत नाहीयेत."