किटलीचं सँडविच

"ही बिनझाकणाची किटली," म्हातारबुवा म्हणाले, "आणि हे तिचं सँडविच."

परीक्षक बाईंनी बशीत पाहिलं. सँडविचला वरचा पाव नव्हता.

बाई मोठ्या संग्रहालयातून आल्या होत्या. बोलावणं म्हातारबुवांचंच. पुढच्या खोलीत त्यांनी 'रोजच्या नवलांचं दालन' थाटलं होतं. दांडा नसलेली छत्री, किल्ली हरवलेलं कुलूप, उलटं चालणारं घड्याळ, असा सगळा ऐवज. नियम एकच. वस्तू पाहायची, तिच्या स्वभावाचं सँडविच खायचं, मगच पुढे सरकायचं. कुलपाचं सँडविच चारही कडांनी दाबून बंद केलेलं होतं. आत काय आहे ते चावल्याशिवाय कळत नसे.

बाईंनी आयुष्यभर कला डोळे भरून पाहिली होती. पोट भरून पाहण्याची वेळ पहिलीच.

सँडविचं लेक करायची. नवरा गेल्यावर ती वडिलांकडे राहायला आली होती. या वयात त्यांच्याकडे बघायला कोणीतरी हवंच, असं शेजारीपाजारी म्हणत.

"बाबा, घड्याळाचं तयार आहे!" आतून हाक आली. "काकडी बाहेर, पाव आत. हात बरबटतील, पाहुण्यांना सांगा."

"बरबटू देत. कला आहे ती!"

"कला तुमची, फडकं माझं."

बाई हसल्या. पण एकेका वस्तूपुढे त्यांचा चेहरा उतरतच गेला. शेवटची बशी रिकामी झाली तेव्हा म्हातारबुवा पाणी आणायला आत गेले, आणि लेक लोण्याने माखलेल्या हातांनीच बाहेर आली.

"मॅडम, खरं सांगा. या पसाऱ्यात काही दम आहे का?"

बाई घुटमळल्या. "राग मानू नका. सँडविचं सोडली, तर कचरा आहे."

"ते मलाही दिसतं हो. पण त्यांना नका सांगू. दालन बंद पडलं तर खचतील ते. रोज उजाडलं की माझं दार ठोठावतात, 'आज छत्रीला काय घालायचं?' मग झक मारत उठावं लागतं मला. उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत दारातून."

बाईंची सगळी अब्रू खरं बोलण्यावर उभी होती. म्हातारबुवा पाणी घेऊन आले, तसा बाईंनी घसा साफ केला.

"दुर्मीळ संग्रह आहे. काही झालं तरी बंद करू नका."

लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि बशा गोळा करून ती आत गेली.

म्हातारबुवा बाईंना फाटकापर्यंत सोडायला आले. घराचं दार लागल्याची खात्री करून घेत हळूच म्हणाले, "खोटं झकास बोलता."

बाई ओशाळल्या. "तुमच्या मुलीनेच गळ घातली..."

"ती स्वतःहून तुमच्याशी बोलली? अनोळखी माणसाशी?" म्हातारबुवांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "मग पुढच्या रविवारीही या. आणि असंच बेधडक ठोकून द्या."

"अहो, पण कशासाठी?"

"जावई गेले तेव्हापासून पोरगी अंथरूण सोडेना, म्हणून भंगाराच्या दुकानातून हे पोतं उचलून आणलंय मी."