पातेल्यातले फोन

"टाका. सगळ्यांनी आपापले फोन यात टाका!"

ऑपरेटरबाईंनी मोठं पातेलं जेवणाच्या टेबलावर आदळलं. दुसऱ्या हातात फोनचं बिल होतं. चौघांच्या फोनांचं बिल एकत्र यायचं, आणि या खेपेला ते पाहून बाईंना खुर्ची धरावी लागली होती. फोनवर बोलल्याचे पैसे नावालाच होते. बाकी पानंच्या पानं नुसते मेसेज. तेही बाहेर कुणाला नाहीत. या घरातून याच घरात.

नवऱ्याने मुलाकडे पाहिलं, मुलाने सुनेकडे, सुनेने ताटाकडे. तेवढ्यात बाईंच्या खिशातला फोन थरथरला. मुलाचा मेसेज होता. "आई, आधी खाली बस. मग सांगतो."

मुलगा समोर बसला होता. हात लांब केला असता तर कान धरता आला असता.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "समोर बसून मेसेज? तोंडाला कुलूप लागलंय का रे? किल्ल्या करणारा बाप शेजारीच बसलाय, उघडून दे म्हणावं!"

नवऱ्याचं कोपऱ्यावर किल्ल्यांचं दुकान होतं. तो ओशाळं हसला आणि त्याने सगळ्यांत आधी आपला फोन पातेल्यात ठेवला. मागोमाग मुलाचा आला. सुनेचा आला. न्यायाला धरून बाईंनी स्वतःचाही टाकला आणि वर झाकण ठेवलं.

एवढा राग नुसत्या बिलाचा नव्हता. बाईंचा सारा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला होता. कानाला हेडफोन, समोर दिव्यांची रांग आणि दिवसभर माणसांचे आवाज. नुसत्या श्वासावरून पलीकडे कोण आहे ते त्या ओळखायच्या. गिऱ्हाईक रडवेलं आहे की नुसतं सर्दीने बेजार, हेही सांगायच्या. गल्लीत त्यांचं खरं नाव कुणालाच आठवत नसे. त्या ऑपरेटरबाई. आणि त्यांना त्याचा अभिमान होता. का नसावा?

अशा बाईच्या घरात आता सगळे तोंडात गुळणी धरून बसलेले. नवरा त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून लिहायचा, "चहा टाकतेस का गं?" सून बाथरूममधून निघताना लिहायची, "आई, पाणी तापलंय." मुलगा तर दारात उभा राहून लिहायचा, "दार उघड." घराला चांगली बेल होती, पण साहेबांना बोटाने बटण दाबायचा कंटाळा! बाहेर तरी काय वेगळं? औषधवाला पुटपुटतो. टीव्हीवरची बातम्यांची बाई घशातल्या घशात बोलते. खणखणीत बोलायची रीतच जगातून उठली, असं बाईंचं मत झालं होतं.

पण बाहेरच्यांचं सोडा. घरच्यांचं मनाला लागलं होतं. माणूस नको झालं की आधी बोलणं तुटतं, हे त्यांनी जन्मभर तारांवर ऐकलं होतं. आपण या घराला नकोशा झालो आहोत. नव्या नवलाईची सूनही बोलायचं टाळते, तर दुसरा काय अर्थ काढायचा? आज दुपारी त्यांनी बॅग भरली होती. आतल्या खोलीत पलंगावर ती तयार होती.

"ऐका," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "आज या टेबलावर माझ्याशी कुणी तोंडाने बोललं, तर मी राहीन. नाहीतर सकाळी बहिणीकडे जाते. मग बसा एकमेकांना मेसेज करत!"

सुनेचा चेहरा रडवेला झाला. तिचे ओठ हलले.

"पुटपुटू नकोस," बाई म्हणाल्या. "नीट बोल."

मुलगा पुढे झुकला. लांब कुठेतरी माशी गुणगुणावी तसं काहीतरी बाईंना जाणवलं.

"झालं! तोच कित्ता. अरे, बाळपणी शेजारचे म्हणायचे, या पोराचा आवाज केवढा! गेला कुठे तो?"

आता नवरा उठून उभा राहिला. हा माणूस कधी आवाज चढवणाऱ्यातला नव्हता. त्याने दोन्ही हात टेबलावर रोवले. त्याचा चेहरा लालबुंद झाला. मानेच्या शिरा टरारून फुगल्या. सून टेबलाला वळसा घालून आली आणि बाईंच्या खांद्याशी वाकली. समोरच्या इमारतीत एक खिडकी उघडली, पाठोपाठ खालची. लोक माना बाहेर काढून इकडेच पाहत होते. बाईंना कळेना, यांना आमच्या घरात पाहण्यासारखं काय दिसतंय.

"बोला ना हो," बाई नवऱ्याला म्हणाल्या. या वेळी मात्र त्यांना रडू आवरलं नाही. "एक शब्द तरी बोला. मी काय केलंय तुमचं?"

नवरा मटकन खाली बसला. त्याला धाप लागली होती. त्याने बाईंचा हात हातात घेतला, दुसऱ्या हाताने पातेल्यावरचं झाकण बाजूला केलं आणि आपला फोन काढला. चष्मा वर सरकवून तो एका बोटाने लिहीत राहिला. मग त्याने बाईंचा फोन शोधून त्यांच्यापुढे धरला.

"रागावू नकोस गं. आम्ही तिघंही मघापासून ओरडतोय."