आधाराच्या पेशी

बायको स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेली, त्याला आठ महिने झाले होते. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ संशोधनाला द्यायच्या कागदावर तिने स्वतःच सही केली होती. म्हणून घड्याळजी आज प्रयोगशाळेत विचारायला आले, "पुढं काय झालं त्या गाठीचं?"

संशोधक मुलीने त्यांना स्टूल दिलं. "काका, अशी गाठ एकटी वाढत नाही. भोवतीच्या आधाराच्या पेशी तिला सारखे निरोप धाडतात, पोसतात. ते निरोपच अडवणारं औषध आम्ही करून बघतोय. काकूंच्या पेशींवर ते लागू पडलं."

"म्हणजे हे आधी मिळालं असतं तर ती वाचली असती?"

"तसं नाही सांगता येत, काका. अजून सगळं काचेच्या बशीतच आहे."

घड्याळजी टेबलावरच्या मायक्रोस्कोपकडे वळले. मग म्हणाले, "बघू का?"

घड्याळं दुरुस्त करताना बारीक बघायची सवय झालेला त्यांचा डोळा मायक्रोस्कोपवर लगेच स्थिरावला.

"त्या आक्रसलेल्या दिसतात ना, त्या कॅन्सरच्या. मरताहेत."

"आणि या लांबट, एकमेकींना बिलगलेल्या?"

"त्या आधाराच्या. काकूंच्या स्वतःच्या. त्यांना काही झालं नाही, जिवंत आहेत."

घड्याळजींनी डोळा काढला नाही. मुलगी खिडकीशी जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने, बशीला धक्का लागू नये म्हणून हात मागे बांधून, ते अगदी हळू म्हणाले, "अगं, मी आलोय."