एका माणसापुरतं घर

चौथ्या मजल्यावर पोहोचेस्तोवर एजंटचे गुडघे बोलायला लागले होते. सकाळपासूनचं हे सहावं घर. त्याच्या मागून सून आली, आणि तिच्या मागून कठडा धरत धरत सासू.

"मावशींना रोज जमेल का एवढं चढणं?" कुलूप उघडत त्याने विचारलं.

"जमेल," सून म्हणाली. सासूला तिने तोंडच उघडू दिलं नाही.

एजंट काय ते समजला. बावीस वर्षं तो घरं दाखवत होता. माणसं त्याला जिन्यातच ओळखू येत. म्हातारीला वेगळं काढायचं आणि वर काळजीचा आव आणायचा. त्याची स्वतःची आई धाकट्या भावाकडे होती. दोन महिन्यांत तो तिकडे फिरकला नव्हता, म्हणूनच की काय, अशा सुनांचा त्याला जास्त राग यायचा.

हॉल, एक बेडरूम, जेमतेम ओट्यापुरतं स्वयंपाकघर. भिंतींना नवा रंग होता, पण मोरीजवळ ओल डोकावत होती.

"पाणी सकाळी दोन तास. वारा भरपूर," तो पाठ केल्यासारखा म्हणाला.

सासू खिडकीकडे गेलीच नाही. दाराची कडी तिने दोनदा लावून बघितली.

"वॉचमन कुणालाही वर सोडतो का हो?"

"छे! आधी फोन करून विचारतो. एकट्या माणसाला अगदी निर्धास्त घर, मावशी."

सुनेचा फोन वाजला. तिने कापला. पुन्हा वाजला, तसा तिने तो पर्समध्ये कोंबला. बाईसाहेबांना घाई दिसतेय, एजंट मनाशी म्हणाला.

"घेऊ या, आई?"

"तुला पटलं ना? मग झालं." रंगाऱ्याने विसरलेल्या पालथ्या बादलीवर म्हातारी मटकन बसली. "आजच राहायला येता येईल का?"

आजच! एजंटला राहवलं नाही. "ताई, लहान तोंडी मोठा घास घेतो. मावशींचा मुलगा कुठाय? आईचं घर बघायला त्याने नको यायला?"

उत्तर सासूने दिलं.

"कामावर आहे. सहाला घरी येतो."

"मग थांबू की सहापर्यंत. त्यांचा नंबर द्या, मी बोलतो. जन्मदात्या आईला असं..."

"नको!" म्हातारी उठली. एवढी थकलेली बाई, पण तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. "किल्ल्या दोन द्या, आम्हा दोघींना. आणि तो विचारत आला, तर हा पत्ता सांगू नका. पोटचा आहे माझा, म्हणून सांगते."