घड्याळाची काच

लिलावातलं घड्याळ आमचंच, हे मी फोटो पाहताच ओळखलं होतं. चौकटीचा टवका माझ्याच हातून उडाला होता. लहान घरात आलो तेव्हा ह्यांनी ते विकलं. वर्षभरात हेही गेले. म्हणून ऑनलाइन बोली वाढवत राहिले आणि जिंकले. आज खोकं उघडलं, तर आत वीट! लेक फोनवर कडाडली, “आई, हा फोटो बाबांनीच काढलेला, विकताना! भामट्याने आपल्याच जाहिरातीतून चोरलाय.” मी फोटो मोठा केला. खरंच की! ह्यांनी आधी वर्तमानपत्राने काच घासून लख्ख केली होती. त्या काचेत स्वतःच उमटले होते, वाकलेले, चष्मा कपाळावर. जन्मभर इतरांचे फोटो काढले. घरात ह्यांचा धड एकही नाही. “आत्ता तक्रार करते, लिलाववाले फोटोसकट सगळं काढून टाकतील,” लेक म्हणाली. “थांब गं,” म्हटलं, “राहू दे ह्यांना चार दिवस.”