कोमट पाणी

बायको शीला गेल्याचं हरिचंद्रला दुपारी कळलं. चूक तिचीच होती, हे संध्याकाळी कळवण्यात आलं.

तो दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. आत तिला बघून आला होता. तिच्या केसांत पांढरा गोंद घट्ट बसला होता. त्याने नखाने काढून पाहिला, निघाला नाही.

अंबरनाथच्या ज्या कारखान्यात ती ड्रम भरायला जायची, तिथे हा गोंद बनायचा. शेजारी राहणारा साईनाथ तिथेच रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर होता, गोंद शिजवायचं मोठं बंद भांडं सांभाळायचा. दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या, त्याने हरिचंद्रला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. गोंदाचा कच्चा माल, व्हिनाइल, येतं ते पाण्यासारखं पातळ. पडून राहिल्यावर आपोआप घट्ट होऊ नये म्हणून त्यात औषध घातलेलं असतं. गरम करून घट्ट करणारी पावडर सोडली की आधी ते औषध संपतं. मग कणाला कण धरत साखळी लांबत जाते आणि भयंकर उष्णता सुटते. म्हणून पावडर थोडी थोडी सोडायची आणि भांड्याभोवती थंड पाणी खेळतं ठेवायचं. आज बॅच पकडेना, माल घट्टच होईना. माल न्यायला ट्रक दारात उभा. सुपरवायझर जयदेवने वाट न बघता सगळी पावडर एकदम ओतली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग सगळंच एकदम पकडलं आणि झाकण उडालं. शीला खालीच ड्रम लावत होती.

आता जयदेव हवालदाराला घेऊन आला. ह्यांच्या वस्तीत, कॅम्प चारला, नळाचे वांधे, म्हणून बाया कारखान्यातून पाणी नेतात, आम्हीही माणुसकीने बघून न बघितल्यासारखं करतो, असं त्याने समजुतीने सांगितलं. आज शीलाने रिअ‍ॅक्टरच्या थंड पाण्याच्या लाइनवरच कॅन लावला, पाणी कमी पडलं, भांडं तापलं. बाईमाणसाला काय कळणार, असंही म्हणाला.

हरिचंद्र उठला.

"तिचा कॅन घरी यायचा तो कोमट. थंडीत मी त्याच पाण्याने आंघोळ केलीय. भांडं थंड करून बाहेर पडलेलं, गटारात जाणारं पाणी भरायची ती. त्याने तुझं भांडं कसं तापलं रे?"

जयदेवने हवालदाराकडे पाहिलं. भाऊ दुःखात आहेत, म्हणाला. आधी बॉडी ताब्यात घ्या, बाकीचं मागाहून बघू.

हवालदाराने साईनाथला विचारलं, तू वर होतास ना?

"धूर होता साहेब. काय दिसलं नाय."

हरिचंद्र त्याच्या अंगावर गेला. हात उगारला, पट्ट्या दिसल्या, हात खाली घेतला.

"मघाशी मला सांगितलंस ते ह्याला सांग."

"हरिभाऊ, मला पोरं आहेत."

"मला नाहीत? त्यांना काय सांगू, तुमच्या आईने कॅनभर पाण्यासाठी कारखाना उडवला?"



शीलाची आई बनूबाई जवळ आली. माणसं खोळंबलीत, अंधाराच्या आत न्यायला पाहिजे, म्हणाली. हरिचंद्र शवागाराच्या दारात मांडी घालून बसला. साईनाथ खरं बोलल्याशिवाय तिला इथून हलवायची नाही, त्याने सांगितलं.

जयदेव निघून गेला. हवालदार चहाला गेला. साईनाथ भिंतीला टेकून तसाच उभा राहिला, जाईना आणि बोलेना.

शीलाला न्यायचं राहिलं होतं.