मिठाच्या पाण्याची बादली

सत्त्याऐंशी साली अंबरनाथच्या एका छोट्या कारखान्यात मासळी कंपन्यांच्या सरकत्या पट्ट्यांसाठी बेअरिंगं बनायची. मिठाच्या पाण्यात ती टिकतात का, हे बघायचं काम बनूबाईकडे होतं. नमुन्याची बेअरिंगं आठ दिवस बादलीत बुडवून ठेवायची आणि रोज पाणी बदलून त्यात शेठनी दिलेलं खडेमीठ घालायचं. त्या मे महिन्यात मात्र बनूबाईने ते मीठ पदराआड घरी नेलं आणि बादलीत नुसतं नळाचं पाणी भरलं. पाणी ते पाणी, त्यात एवढं काय, असं तिला वाटलं. बेअरिंगं चकचकीत निघाली आणि रवाना झाली.

चार-पाच महिन्यांत ती मासळी कंपनीत गंजून अडकली, पट्टा बंद पडला आणि टनभर कोळंबी नासली. शेठनी ग्रीस भरणाऱ्या हिंदुरावांना धरलं.

"ग्रीस बराबर नहीं भरा तुमने! कल से मत आना."

"शेठ, पोरांची शपथ, नीट भरलं होतं," एवढंच हिंदुराव म्हणाले. बनूबाई शेजारीच बादलीतलं पाणी बदलत होती.

जेवणाच्या सुट्टीत दोघांनी रोजच्यासारखे डबे उघडले. हिंदुरावांनी तिच्या डब्यातली कैरीची फोड उचलली.



"बनूताई, अख्खा पावसाळा गेला, पण तुझ्या लोणच्याला बुरशी म्हणून नाही. मीठ अगदी सढळ हाताने घातलंयस बघ."